डेंगळ्यासाठी लावायचा कांदा

‘कांद्याला डेंगळे आलेत’ हे वाक्य मी लहानपणी कधी आनंदाने म्हटलेलं ऐकलं नाही. आजोळ निफाड तालुक्यातलं. रांगडा कांदा उभा असायचा, हवा मध्येच फिरायची आणि वाफ्यात इथे-तिथे फुलाचे दांडे वर निघायचे. डेंगळा आला की कांदा पोसत नाही, त्याच्या पोटात कडक दांडा राहतो आणि तो चाळीत टिकत नाही. मामा सकाळी बांधावरून फिरताना दिसेल तो डेंगळा मोडत पुढे जायचे. बियाण्यासाठी राखलेल्या एका कोपऱ्यातले गोंडे तेवढे उभे राहायचे. त्या पांढऱ्या गोंड्यांवर मधमाश्यांचा इतका कल्लोळ असायचा की आम्हा मुलांना तिकडे फिरकू देत नसत.

गेली बावीस वर्षं मी शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहते. माझ्या दारात आज एक कांदा आहे, तो केवळ डेंगळ्यासाठी लावलेला. हा लेख त्याच्याविषयी आहे. अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये, विशेषतः इलिनॉय, विस्कॉन्सिन, इंडियाना, मिशिगनमध्ये ज्या मराठी घरांना अंगण आहे, त्यांच्यासाठी तो लिहिते आहे. ऑक्टोबर आला की आपण सगळेच तुळस, कढीपत्ता आणि मोगऱ्याच्या कुंड्या घरात ओढतो आणि मे महिन्यापर्यंत त्यांना खिडकीशी कसंबसं जगवतो. ती माया मला कळते, मीही तेच करते. पण घराभोवतीच्या जमिनीत तिथलं, तिच्या अंगवळणी पडलेलं एक तरी झाड आपल्या हाताने लावलेलं असावं, असं मला फार वाटतं. सुरुवात कशाने करावी असं कुणी विचारलं तर मी याच कांद्याचं नाव सांगते.

इंग्रजीत त्याला ‘नॉडिंग अनियन’ म्हणतात, म्हणजे मान झुकवलेला कांदा. शास्त्रीय नाव ॲलियम सर्न्युअम. आपला कांदा आणि लसूण ज्या ॲलियम कुळीतले, त्याच कुळीतला हा. ‘सर्न्युअम’ म्हणजे लॅटिनमध्ये खाली वाकलेला. हे नाव आल्ब्रेख्त रोथ या जर्मन वनस्पतीतज्ज्ञाने १७९८ साली दिलं. कॅनडापासून मेक्सिकोपर्यंत तो रानात आपोआप उगवतो. त्याला मराठीत ‘रानकांदा’ म्हणायचा मोह होईल, पण कृपा करून म्हणू नका. आपल्याकडे रानकांदा किंवा कोलकांदा म्हणतात ती वनस्पती वेगळी आहे, ती कांद्याच्या कुळीतली नाही आणि विषारी आहे. म्हणून मी आपला ‘झुकता कांदा’ म्हणते.

जुलैच्या सुरुवातीला तो जवळ बसून पाहावा. पात गवतासारखी अरुंद, चपटी आणि भरीव असते, आपल्या पातीच्या कांद्यासारखी पोकळ नसते. पातीच्या झुबक्यातून दीड फुटापर्यंतचा दांडा सरळ वर येतो आणि शेवटच्या इंचात छत्रीच्या मुठीसारखा एकदम वळतो. त्या वळणाखाली पातळ कागदी आवरणात कळ्यांचा गुच्छ टांगलेला असतो. आवरण फाटलं की वीस-तीस नाजूक घंटा खाली लोंबू लागतात, गुलाबी, फिकट जांभळ्या, एखाद्या झाडाला जवळजवळ पांढऱ्या. प्रत्येक घंटेतून पिवळ्या टोकांचे पुंकेसर बाहेर डोकावतात. इथली गुबगुबीत भुंग्यासारखी बंबलबी त्या घंटेला उलटी लोंबकळून मध पिते, तेव्हा तिच्या वजनाने अख्खा गुच्छ हलतो. फूल फळलं की मात्र त्याचा देठ हळूहळू वर वळू लागतो, आणि ऑगस्टअखेर वाळलेली बोंडं आकाशाकडे तोंड करून असतात. बहराचा हा काळ साधारण आपल्या आषाढाचा, आषाढी एकादशी आणि सावता माळ्यांच्या पुण्यतिथीच्या आसपासचा. ज्या संताचं आयुष्य अरणच्या मळ्यात गेलं त्यांच्या तिथीला दारात कांदा फुललेला असतो, याचं मला दरवर्षी अप्रूप वाटतं.

शिकागोत राहणाऱ्यांना या कांद्याची आणखी एक गोष्ट नक्की कुणीतरी सांगतं: ‘शिकागो’ हे नावच त्याच्यावरून पडलं. गोष्ट गोड आहे, पण निम्मीच खरी. मायामी-इलिनॉय लोकांच्या भाषेतल्या ‘शिकाक्वा’ या शब्दावरून फ्रेंच प्रवाशांनी या जागेचं नाव लिहून घेतलं, इथवर बरोबर. कांद्या-लसणाच्या जातीतल्या एका रानवनस्पतीवरून ते पडलं, हेही बरोबर. पण ती वनस्पती कोणती? पुष्कळ वर्षं लोक या झुकत्या कांद्याकडे बोट दाखवत. जॉन स्वेन्सन या अभ्यासकाने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जुनी फ्रेंच कागदपत्रं पुन्हा तपासली. १६८०च्या दशकात इथून गेलेल्या आंरी जुतेल या प्रवाशाने त्या झाडाचं वर्णन करून ठेवलं होतं: जंगलात उगवणारं, लसणासारखं, पण रुंद पानांचं. झुकता कांदा जंगलातल्या दाट सावलीत राहत नाही आणि त्याची पात रुंदही नसते. म्हणजे ती वनस्पती ‘रॅम्प’, शास्त्रीय नाव ॲलियम ट्रायकॉकम. शहराच्या नावाचा मान तिचा. आपल्या कांद्याचा मान वेगळा आहे. तो इथल्या उघड्या माळरानाचा, प्रेअरीचा रहिवासी आहे. इलिनॉयमध्ये एके काळी सुमारे २ कोटी २० लाख एकर प्रेअरी होती. १८३७ साली जॉन डीअरने याच राज्यातल्या ग्रँड डिटूर गावी पोलादी फाळाचा नांगर घडवला आणि ती चिवट, मुळांनी विणलेली जमीन उलटू लागली. आज कधीच न नांगरलेली अस्सल प्रेअरी जेमतेम काही हजार एकर उरली आहे. आपल्या अंगणातला चार फुटांचा वाफा तिची भरपाई करू शकत नाही. पण त्या माळावर जगणाऱ्या माश्यांना त्या चार फुटांत पोटभर मिळतं, हे मी रोज डोळ्यांनी पाहते.

आता लागवडीकडे येऊ.

दोन रस्ते आहेत, रोप आणून लावायचं किंवा बी पेरायचं. घाई असेल तर रोप घ्या. मे महिन्यात बऱ्याच काउंट्यांमध्ये फॉरेस्ट प्रिझर्व्ह आणि स्थानिक निसर्गसंस्था इथल्या मूळ झाडांची विक्री भरवतात, तिथे हा बहुतेक वेळा मिळतो. पाटीवर ‘ॲलियम सर्न्युअम’ असंच लिहिलेलं आहे ना, ते वाचून घ्या. नुसतं ‘ॲलियम’ लिहिलं असेल तर ते इराण, तुर्कस्तान किंवा मध्य आशियातल्या मोठ्या चेंडूफुलांचं असू शकतं. शिकागोच्या मिलेनियम पार्कमधल्या २००४ साली खुल्या झालेल्या लुरी गार्डनमध्ये जुलैत जांभळट-गुलाबी कांद्यांचे ताटवे दिसतात. पीट आउडोल्फ या डच बागरचनाकाराने ती लागवड आखली. ताटवे बघावेत असेच आहेत, पण ती ‘समर ब्यूटी’ नावाची बागेची जात आहे आणि तिची मान ताठ असते. २०१८ साली ‘पेरेनियल प्लांट ऑफ द इयर’ ठरलेली ‘मिलेनियम’ हीसुद्धा संकरित जात. दोन्ही सुंदर आहेत, खुशाल लावा. फक्त हीच इथली मूळ झाडं असं समजून लावू नका.

रानातून मात्र कांदा खणून आणू नका. फॉरेस्ट प्रिझर्व्हमधून झाडं उपटणं हा गुन्हा आहेच, शिवाय ते झाड तिथे उभं राहायला कित्येक वर्षं गेलेली असतात. रॅम्पच्या बाबतीत काय झालं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. लोकांनी खाण्यासाठी इतके ओरबाडले की कॅनडातल्या क्विबेक प्रांताला १९९५ साली त्यांच्या विक्रीवर बंदी घालावी लागली.

मला स्वतःला बी पेरणं अधिक आवडतं. त्याचं कारण थंडी. हे बी ओल्या थंडीत दोनेक महिने पडून राहिल्याशिवाय बहुधा उगवत नाही. आपल्याकडे पेरणी म्हटलं की आभाळाकडे डोळे लागतात. इथे हिवाळ्यालाच पेरणीला लावायचं. त्यासाठी दुधाचा एक गॅलनचा रिकामा प्लास्टिकचा कॅन धुऊन घ्या. मुठीच्या खालच्या कडेने तो आडवा कापा, पण एका बाजूला दोन इंच जोड ठेवा, म्हणजे झाकण उघडल्यासारखं वर होईल. तळाला पाचसहा भोकं पाडा. चार इंच ओली कुंडीची माती भरा, अंगणातली चिकणमाती भरू नका. वर बी विरळ भुरभुरा, पाव इंचाहून जास्त माती वर नको. कापलेली कड चिकटपट्टीने बंद करा आणि बूच काढून टाका. कॅनवर पेन्सिलीने नाव आणि तारीख लिहा, शाई उन्हाने उडते. मग दिवाळी आटोपल्यावर, जमीन गोठू लागण्याच्या सुमारास, कॅन घराच्या उत्तर किंवा पूर्व बाजूला उघड्यावर ठेवून द्या. बर्फ पडू दे, वितळू दे, पुन्हा पडू दे. बुचाच्या भोकातून पाणी आत जातं, तेवढं पुरतं. जानेवारी उजाडला तरी उशीर झालेला नाही. फेब्रुवारी उलटला असेल तर फ्रिजचा आधार घ्या. ओलसर वाळूत मिसळलेलं बी झिपच्या पिशवीत घालून साठ दिवस खालच्या कप्प्यात ठेवा, मग पेरा.

एप्रिलच्या मध्यात कॅनमध्ये डोकावलात तर हिरवे दोरे दिसतील. कांद्याचं रोप ज्यांनी गादीवाफ्यावर पाहिलं आहे त्यांना ओळख पटवावी लागणार नाही. प्रत्येक दोरा मध्ये दुमडलेला असतो आणि टोकाला काळ्या बियांची टोपी अडकलेली असते. दोनचार दिवसांत तो सरळ होतो. मी पहिल्यांदा पेरलं तेव्हा ही रोपं मे महिन्यात थेट वाफ्यात लावली, खूण केली नाही आणि जूनमध्ये तण समजून ती स्वतःच्या हाताने उपटली. उपटून झाल्यावर बोटांना कांद्याचा वास आला तेव्हा कळलं. एक वर्ष गेलं. म्हणून सांगते, पहिल्या वर्षी हे रोप हुबेहूब गवतासारखं दिसतं. भोवती चार काड्या रोवा, दोरी बांधा. घरातल्या ज्यांना तण काढायची हौस आहे त्यांना ती जागा नेऊन दाखवा. गवत कापायला बाहेरचा माणूस येत असेल तर त्यालाही दाखवा.

जागा उन्हाची हवी. सहा तास ऊन मिळालं तर उत्तम, दुपारनंतर थोडी सावली आली तरी चालते. मातीचे लाड नकोत. आपल्या उपनगरांत घरं बांधताना वरची काळी माती बहुतेक खरडून नेलेली असते आणि खाली चिकट, चुन्याची माती उरते. त्या मातीत टोमॅटो कुरकुरतात, हा कुरकुरत नाही. त्याला फक्त हिवाळ्यात मुळाशी साचलेलं पाणी सोसत नाही. छपराच्या पन्हाळीचं पाणी जिथे पडतं ती जागा टाळा. शेणखत, कंपोस्ट, रासायनिक खत यांतलं काही घालू नका. खताने पात माजते, दांडा मऊ होतो आणि पहिल्याच वादळात आडवा पडतो. आपल्या शेतकऱ्याच्या लेकीला खत न घालता लावणं जड जातं, मला गेलं. रोपं एकमेकांपासून वीतभर अंतरावर, कुंडीत होती तितक्याच खोलीवर लावा. पहिला उन्हाळा आठवड्यातून एकदा मुरेल असं पाणी द्या. दुसऱ्या वर्षापासून पाऊस अगदीच ओढला तर द्या. वाफ्यावर लाकडाच्या भुशाचा जाड थर पसरण्याची इथे पद्धत आहे, तो या कांद्याच्या बुंध्याशी नको. त्यात कांदा कुजतो आणि पडलेलं बी रुजत नाही.

थंडीची काळजी करू नका. शिकागोच्या आसपास हिवाळ्यात पारा उणे २५ अंश सेल्सिअसच्या घरात जाऊ शकतो. पात सुकते, जमिनीवर काही दिसत नाही, आणि मार्चच्या शेवटी बर्फ पुरता वितळलेलाही नसतो तेव्हा हिरवी टोकं वर येतात. हरणं आणि ससे वासामुळे सहसा तोंड लावत नाहीत. ट्यूलिप रात्रीत फस्त झाल्याचं दुःख ज्यांनी भोगलं आहे त्यांना या वाक्याची किंमत कळेल.

बियांपासून केलेल्या रोपाला फूल दुसऱ्या, बहुधा तिसऱ्या वर्षी येतं. धीर धरा. एकदा बसला की एकाच्या बुंध्याशी चार होतात. तीनचार वर्षांनी झुबका दाटला की एप्रिलमध्ये पावड्याने उचलून हाताने सोडवा, लसणाच्या पाकळ्यांसारखे कांदे मोकळे होतात. लगेच दुसरीकडे लावून पाणी द्या. तो एकटा लावू नका. पात अर्धा फूट-फूटभरच असते, ती उघडी पडते. बरोबर लिटल ब्लूस्टेम किंवा प्रेअरी ड्रॉपसीडसारखं इथलं झुबक्याने वाढणारं गवत लावा, मध्ये नारिंगी बटरफ्लाय वीड लावा. त्या नारिंगीशेजारी ही गुलाबी मान खाली घालून उभी असते, तो जुलैचा आठवडा चुकवू नका.

शेजाऱ्यांचा आणि घरमालकांच्या असोसिएशनचा प्रश्न हमखास निघतो. मलाही एकदा ‘दर्शनी भागातलं गवत वाढलेलं आहे’ असं पत्र आलं होतं. मी वाफ्याला विटांची स्वच्छ कड केली, नावाची छोटी पाटी लावली आणि एक फोटो पाठवला. पुन्हा पत्र आलं नाही. इलिनॉयमध्ये २०२४ साली मूळ झाडांच्या बागांना संरक्षण देणारा कायदाही झाला आहे, पण बाग निगुतीने राखलेली असावी ही अपेक्षा त्यातही आहे. कड नीट असली की बऱ्याच तक्रारी निघतच नाहीत.

खाता येतो का? येतो. पात, फुलं, कांदा सगळं खाण्याजोगं आहे, इथले मूळ रहिवासी पूर्वापार खात आले. वास उग्र असतो, म्हणून मी चिमूटभरच वापरते. थालीपिठाच्या पिठात बारीक चिरलेली पात घालते, पिठल्यावर वरून चार फुलं टाकते. पण हे आपण स्वतः लावलेल्या, नावानिशी माहीत असलेल्या झाडाबद्दलच. रानात दिसलेला ‘कांदा’ उपटून तोंडात घालू नका. ‘डेथ कॅमस’ नावाची विषारी वनस्पती इथे उगवते, तिलाही गवतासारखी पात आणि खाली कांदा असतो. चुरगळून वास घ्यावा, कांद्याचा वास नसेल तर हात लावू नये, हा नियम चांगला आहे. मात्र आधी खरा कांदा हाताळला असेल तर बोटांचाच वास फसवतो. आणि घरात कुत्रं-मांजर असेल तर त्यांना हा कांदा कोणत्याही रूपात खाऊ देऊ नका, आपल्या स्वयंपाकातल्या कांद्याइतकाच तोही त्यांना बाधतो.

तणांतही याचे नातेवाईक आहेत. गोंड्यात फुलांऐवजी छोट्या कांद्या धरलेल्या दिसल्या तर तो झुकता कांदा नाही. त्यातच पात गोल आणि पोकळ असेल तर युरोपातून आलेलं ‘क्रो गार्लिक’ समजा आणि कांद्या गळायच्या आत उपटा.

बी गणपतीच्या सुमारास तयार होतं. बोंडं गवती रंगाची होऊन तोंडं उकलतात आणि आत चमकदार काळं, कोनदार बी दिसतं. आपल्या स्वयंपाकघरात कलौंजीला ‘कांद्याचं बी’ म्हणायची सवय आहे. कलौंजी वेगळ्याच झाडाची. खरं कांद्याचं बी कसं असतं ते मुलांना दाखवायची ही वेळ. गोंडा दांड्यासकट कापून कागदी पिशवीत उलटा टांगा, आठवड्यात बी आपोआप खाली पडतं. वाफ्यात आपोआप पसरायला नको असेल तर सगळे गोंडे कापा. मी निम्मे ठेवते.

भारतात कुणासाठी हे बी नेण्याचा विचार करू नका. परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला नसताना बियाणं नेणं २००३च्या वनस्पती संगरोध आदेशात बसत नाही. शिवाय निफाडच्या किंवा पुण्याच्या उन्हाळ्यात या थंड मुलखातल्या झाडाचे हालच होतील. तिकडच्या नातलगांना डेंगळ्याची शोभा पाहायची असेल तर त्यांनी घरातला कोंब आलेला कांदा ऑक्टोबरमध्ये कुंडीत खोचावा. थंडी सरता सरता पांढरा गोंडा येईल, आणि माश्या येतील.

इथे मात्र वाटा. आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात मी दरवर्षी छोटी पाकिटं घेऊन जाते. पाकिटावर तीन गोष्टी लिहिते: झाडाचं पूर्ण शास्त्रीय नाव, बी काढल्याची तारीख आणि ‘दिवाळीनंतर बाहेर पेरा’. कांद्याचं बी फार दिवस जीव धरून राहत नाही, म्हणून पाकीट फ्रिजमध्ये ठेवा आणि त्याच हिवाळ्यात पेरून टाका.